ग्रहणात कापलेली मासळी

मुरुडच्या घरी माझी अर्धशिशी उठली की आई खिडक्या लावायची, कपाळावर ओलं फडकं ठेवायची आणि अंगणात वाळणारी सुकट लांब नेऊन ठेवायची, कारण मला तो वास सोसत नसे. त्या अंधाऱ्या खोलीइतकं निवांत मला पुढे कुठेच वाटलं नाही.

गेल्या वर्षी तपासणीत माझ्या हृदयात जन्मापासूनचं बारीक छिद्र सापडलं. डोकेदुखीशी त्याचा संबंध असू शकेल, पण खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले. सोबत आलेल्या आईचा चेहरा उतरला.

"ही पोटात होती तेव्हा ग्रहणात मी विळीवर मासळी कापली," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. आमच्याकडे पोटुशी बाई ग्रहणात विळीला हातही लावत नाही.

मी परक्यांसमोर सहसा बोलत नाही, पण विचारलंच, "डॉक्टर, तसं होतं का?"

"छे! काकू, पोटात प्रत्येक बाळाला हे छिद्र असतंच. जन्मानंतर बहुतेकांचं बुजतं, काहींचं राहतं."

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे बुजवायचं काम तुझं होतं! लहानपणापासून सगळं अर्धवट."

डोकं ठणकत होतं, तरी मी खूप हसले.