सिपराबाईंचं खरं नाव

“गुरुजी, सिपरा बोलून राह्यली,” फोनवर आवाज आला, आणि मला विचारावं लागलं, “कोणती सिपरा?” माझ्या फोनमध्ये चार सिपरा आहेत. “नर्स सिपरा, गुरुजी... आपल्या बाई गेल्या.” त्याला आता दीड महिना झाला. बाई म्हणजे आमच्या गावच्या उपकेंद्रातल्या निवृत्त नर्स, क्षिप्राबाई. फोन करणाऱ्या मुलीचं नाव त्यांच्यावरूनच ठेवलेलं, फक्त आमच्या जिभेवरून घरंगळत गेलेलं.

बाई उज्जैनकडच्या. धानोऱ्याच्या पुढे, जंगलातल्या आमच्या गावात त्या बदलून आल्या तेव्हा मी तिथल्या शाळेत शिकवत होतो. त्यांच्या नावातला ‘क्ष’ गावात कुणालाच झेपला नाही. आठवडाभरात त्या सिपराबाई झाल्या. पोरांना अंगणात बसवून, जीभ कुठे टेकवायची ते दाखवून त्या ‘क्ष’ म्हणायला लावायच्या, आणि पोरं ‘कस, कस’ ओरडत पळून जायची. पुढे पुराच्या दिवसांत वाट बंद असताना त्यांनी फुलाबाईचं अडलेलं बाळंतपण पार पाडलं. मायलेकी दोघी वाचल्या. फुलाबाई म्हणाली, “बाई, पोरीले तुमचंच नाव देऊन राह्यली. सिपरा.”

“सिपरा नाही हो, क्षिप्रा.”

“तेच तं म्हनून राह्यली, बाई. सिपरा.”

बाई हसल्या. पण जन्माची नोंद करायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला विचारलं, काय लिहू? मी पडलो मास्तर, शुद्धलेखनाचा कैवारी. म्हणालो, “अशुद्ध नाव जन्मभर पोरीच्या गळ्यात कशाला?” त्यांनी ‘क्षिप्रा’ लिहिलं. मग त्या नावाची साथच आली. आसपासच्या टोल्या-पाड्यांवर मुलगी झाली की सिपरा. घरात सिपरा, कागदावर क्षिप्रा. आम्हा दोघांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, उलट थोडा अभिमानच होता.

फुलाबाईची लेक मामाच्या गावी शिकली. तिथल्या गुरुजींनी आईनं सांगितलं तसं दाखल्यावर ‘सिपरा’ लिहिलं. बारावीनंतर नर्सिंगला नंबर लागला आणि गडचिरोलीच्या कचेरीत बाबूनं दोन कागद शेजारी ठेवून विचारलं, “ह्या दोन पोरी आहेत का एकच?” प्रवेशाला आठ दिवस उरले होते. बाई तेव्हा निवृत्त झालेल्या, गुडघे धरलेले. तरी पोरीला घेऊन त्यांनी एसटीनं तीन खेपा केल्या. शेवटच्या खेपेला मी सोबत होतो. त्या बाबूला म्हणाल्या, “पोरगी एकच आहे. आईनं ठेवलेलं नाव बरोबर होतं, चुकीचं मी लिहिलं.” सल्ला माझा होता. मी शेजारी उभा होतो आणि गप्प राहिलो... त्याची लाज मला अजून वाटते.

प्रवेश झाला. परतीच्या एसटीत बाई म्हणाल्या, “भाऊ, त्या माउलीनं मायेनं नाव ठेवलं, आणि आपण ते वहीसारखं तपासलं.” त्यानंतर गावात कुणी क्षिप्राबाई म्हणण्याचा प्रयत्न केला तर त्याच थांबवायच्या.

बाईंच्या शोकसभेला उपकेंद्राच्या व्हरांड्यात फळा मांडला होता. अक्षर बरं म्हणून खडू माझ्या हाती आला. मी सवयीनं, वळणदार लिहिलं, आणि मागे सरकून बघितलं. फुलाबाई पहिल्या रांगेत बसली होती. तिला वाचता येत नाही.

“का लिवलं जी, गुरुजी?”

“क्षिप्राबाई यांना श्रद्धांजली,” मी वाचून दाखवलं.

तिनं मान हलवली. “अन् आमच्या बाईचं नाव कुठी आहे?”

मी फळ्याकडे वळलो. तळहातानं ते नाव पुसलं, ‘सिपराबाई’ लिहिलं, आणि तिला पुन्हा वाचून दाखवलं. तेव्हा कुठे तिनं पदर डोळ्यांना लावला.