विभावरीने यूटचं इंजिन बदललं

विभावरी राऊतने ती यूट विकत घेतली तेव्हा तिच्या नवऱ्याला, श्रीनाथला, वाटलं, बागेसाठी माती नाहीतर थंडीसाठी ओंडके आणायला घेतली असेल. मागे उघडा हौदा असलेल्या गाडीला इथे यूट म्हणतात, आणि ख्राइस्टचर्चमध्ये स्वतःचं घर झालं की माणसाला यूट लागतेच, असं त्याने ऑफिसात ऐकलं होतं. विभावरीच्या डोक्यात मात्र मासे होते.

ती मूळची वसईची. तिची आई, शकुंतलाबाई, स्टेशनजवळ पिठाची गिरणी चालवायची. विभावरी शाळेतून परस्पर गिरणीत जायची, दळणाचे डबे ओळीने लावायची, पट्टा घसरला तर चढवायची. पुढे ती इलेक्ट्रॉनिक्स शिकली, शिकायलाच म्हणून न्यूझीलंडला आली आणि आता शहराच्या हॉर्नबी भागातल्या एका कंपनीत सर्किट तपासायचं काम करते. इतक्या वर्षांत तिने बऱ्याच गोष्टींशी जुळवून घेतलं, पण मासळीच्या बाबतीत तिची जीभ वसईचीच राहिली. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर वसंतात नदीच्या मुखाशी व्हाइटबेट नावाचे काडीएवढे पारदर्शक मासे मिळतात आणि ते स्वतः जाळीने पकडता येतात, हे कळल्यावर ती गप्प बसणं शक्यच नव्हतं.

यूट होती शेजारच्या ट्रेव्हरची. त्याने तिच्यातून आयुष्यभर मेंढ्या, कुंपणाचे खांब आणि दोन कुत्रे वाहिले होते. गुडघे दुखायला लागले तशी त्याने ती विकायला काढली आणि विभावरीने घेतली. पहिल्याच वर्षी ती आणि श्रीनाथ किनाऱ्याकडे निघाले. सपाटीवर गाडी बरी चालली. पोर्टर्स पास या घाटाचा चढ लागला तशी मात्र धापा टाकायला लागली. विभावरी दुसऱ्या गिअरवर, मागे गाड्यांची रांग, आणि श्रीनाथ आरशात बघून प्रत्येकाला हात जोडल्यासारखं करत होता. मासे भरतीबरोबर नदीत शिरतात; पोचेपर्यंत ती वेळ टळून गेली होती. नदीवरची माणसं जाळी धुऊन घरी निघाली होती.

परत आल्यावर तिने ट्रेव्हरला सांगितलं.

"तिचा स्वभावच आहे तो," ट्रेव्हर म्हणाला. "चढावर ती विचार करत चढते."

"स्वभावाला औषध नाही, पण इंजिनाला आहे," विभावरी म्हणाली. "मी दुसरं बसवते."

ट्रेव्हर हसला नाही. जुन्या इंजिनाचा कार्ब्युरेटर हातोडी आणि स्क्रूड्रायव्हरने दुरुस्त होतो, नव्याचा कॉम्प्युटर होत नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मात्र स्वतःच्या शेडमधली अर्धी जागा त्याने दुसऱ्याच दिवशी रिकामी केली आणि साखळीची कप्पी तुळईला टांगून ठेवली.

इंजिन तिला घरापासून चार गल्ल्यांवरच्या मोडक्या गाड्यांच्या यार्डात मिळालं. त्याच बनावटीची, पण बरीच नंतरची यूट मागून ठोकली जाऊन तिथे आली होती. हौद्याचा चुराडा झाला होता, पुढचा भाग शाबूत होता. यार्डवाला इंजिन उतरवून द्यायला तयार होता. ती म्हणाली, "आधी गाडीतच असताना सुरू करून दाखवा." सुरू झाल्यावर ती बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ ऐकत उभी राहिली. मग तिने इंजिन, गिअरबॉक्स, कॉम्प्युटर, एवढंच काय पण किल्लीचं कुलूप आणि सगळं वायरिंगही अखंड मागितलं.

"वायरी कशाला? आपल्या गाडीत आहेत की," श्रीनाथ म्हणाला.

"जुन्या इंजिनाला वायरी नावापुरत्या लागायच्या. ते हवेच्या ओढीने पेट्रोल खेचून घ्यायचं, डोंगरात हवा विरळ झाली की त्याचा अंदाज चुकायचा. याला हवा किती, थंडी किती, पाय किती दाबलाय हे सगळं कळवावं लागतं. मग ते मोजून फवारतं. या वायरी कापल्या तर ते आंधळं होईल."

हिवाळ्यातले शनिवार-रविवार शेडमध्ये गेले. जुनं इंजिन कप्पीने उचललं तेव्हा ट्रेव्हर बाहेर जाऊन उभा राहिला होता. नवं आत उतरवताना मात्र तो सर्वांत पुढे, विभावरीला "जरा डावीकडे, आणखी जरा" असं सांगत होता. गिअरबॉक्स थोडा लांब होता, म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून आखूड करून घ्यावा लागला. इंजिनाचे पाय बसवायला चॅसीवर नवे आधार वेल्ड करून घेतले. वेल्डिंग तिला येत नव्हतं आणि शिकायची घाईही नव्हती. ते काम तिने परवानाधारक वेल्डरकडून करून घेतलं.

वायरिंग मात्र तिचं. ते तिने घरी आणून जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि नको ती एकेक वायर सोडवायला घेतली. एसीची, मागच्या काचेची, रेडिओची. उरलेल्यांवर मसाल्याच्या डब्यांना लावायची कागदी लेबलं चिकटवली. एका रविवारी मृदुला, तिची मैत्रीण, जेवायला आली आणि दारातच थबकली.

"अगं, पानं कुठे मांडायची?"

"खाली बसू. टेबल हलवायचं नाही."

सगळे मांडी घालून जमिनीवर जेवले. मृदुलाने जाता जाता एक वायर उचलून विचारलं, "ही कुठे जाते?" विभावरीने नुसता रंग बघून, लेबल न वाचता सांगितलं. श्रीनाथने हळूच लेबल वाचलं. बरोबर होतं.

इंजिन पहिल्यांदा सुरू केलं ते हिवाळा सरता सरता, ऑगस्टमधल्या एका स्वच्छ, गारठलेल्या सकाळी. पहिल्या किल्लीला नुसतं फिरलं. तिने उतरून पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज पाहिला, तो नीट दाबला गेला नव्हता. दुसऱ्या किल्लीला इंजिन लागलं, आणि लागलं ते असं शांतपणे, की ट्रेव्हरने हात पुढे करून इंजिनाच्या पंख्याची हवा लागतेय का ते तपासलं.

"चोक नाही?" त्याने विचारलं.

"नाही."

"काहीच ओढायचं नाही?"

"काही नाही."

"मग सकाळी माणसाने करायचं काय?" तो म्हणाला, आणि आत जाऊन चहा घेऊन आला.

असं इंजिन बदललं की गाडी रस्त्यावर आणण्याआधी खास तपासनीसाकडून मान्यता घ्यावी लागते. तपासनीस होते विरेमू, उंचपुरे, मोजकं बोलणारे माओरी गृहस्थ. "किया ओरा," असा माओरीत नमस्कार केला आणि थेट गाडीखाली गेले. वेल्डिंग, ब्रेक, पेट्रोलच्या नळ्या, सगळं बोटाने चाचपून पाहिलं. ब्रेकच्या नळीला एक जास्तीची पकड हवी, एवढंच निघालं. मग ते विभावरीशेजारी बसले आणि एक फेरी मारून यायला सांगितलं.

गाडी छान पळत होती. परत येताना मोठ्या गोल चौकात तिने वळण घेतलं आणि तिला इंजिनाचा सूर क्षणभर तुटल्यासारखा वाटला. डोळ्याची पापणी लवावी इतकाच. पुन्हा सगळं सुरळीत.

आवारात आल्यावर विरेमू म्हणाले, "ती पकड बसवून आणा. बाकी मला पसंत आहे."

"नको," विभावरी म्हणाली. "वळणावर गाडीने श्वास सोडला. तुम्हाला जाणवलं नाही?"

"नाही."

"मला जाणवलं. टाकीत पेट्रोल कमी आहे आणि टाकी जुनी, आत आडव्या भिंती नाहीत. वळणावर पेट्रोल एका अंगाला जातं आणि पंप हवा ओढतो. जुन्या इंजिनाला चालायचं, त्याच्या कार्ब्युरेटरमध्ये थोडा साठा असायचा. याच्याकडे साठा नाही. हंडा कलला की तांब्यात हवाच यायची."

विरेमूंनी तिच्याकडे पाहिलं. "डोंगरात नेणार आहात?"

"म्हणून तर सांगतेय."

"मग दुरुस्त करून आणा," ते म्हणाले आणि कागद बाजूला ठेवला.

घरी श्रीनाथ वैतागला. सुट्टी टाकून झाली होती, किनाऱ्यावरची खोली घेतलेली होती. "त्यांनाच काही वाटलं नाही, मग तू कशाला सांगितलंस?"

"कारण घाटात स्टिअरिंग माझ्या हातात असणार आहे," ती म्हणाली. "आणि शेजारी तू असणार आहेस. सुट्टी पुढे ढकल."

त्याने ढकलली. तिने टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये एक लहान बंद डबा बसवला. एक पंप टाकीतून तो डबा सतत भरत राहील, दुसरा त्या डब्याच्या तळातून इंजिनाला पेट्रोल देईल. टाकीत क्षणभर हवा आली तरी डब्यात साठा राहील. मग ट्रेव्हरच्या पुतण्याच्या कुरणात, टाकीत अगदी तळाशी पेट्रोल ठेवून, तिने गाडी गोल गोल फिरवली. आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग उतारावर. मेंढ्या कुंपणाला चिकटून बघत होत्या. ट्रेव्हर शेजारी बसला होता आणि दहाव्या-बाराव्या फेरीनंतर म्हणाला, "पेट्रोलचं पुरे. आता माझ्या पोटाचं बघ."

या खेपेला विरेमूंनी त्याच चौकातून स्वतः गाडी चालवली, दोनदा. मग मान्यतेची धातूची पट्टी बॉनेटखाली रिव्हेटने ठोकली आणि म्हणाले, "तुमच्यासारखी गिऱ्हाइकं असली तर मला कामच उरणार नाही."

सप्टेंबरच्या शेवटी ते निघाले. पोर्टर्स पासला चढ लागला तसा श्रीनाथ सवयीने आरशात बघायला लागला. मागे कुणी नव्हतं. पुढे एक कॅम्पर व्हॅन रेंगाळत होती. ओव्हरटेकची जादा लेन आली, विभावरीने पाय दाबला आणि यूट व्हॅनच्या बाजूने निघून गेली. डोंगरापलीकडच्या ओटिराच्या उताराला पाऊस लागला, किनाऱ्यावर पोचेस्तोवर उघडला.

नदीच्या मुखाशी ती गमबूट घालून गुडघाभर पाण्यात उभी राहिली. पहिल्या दोन तासांत जाळीत पाला आला. शेजारच्या माणसाने तिला जाळी कुठे आणि किती तिरकी धरायची ते दाखवलं, तिने तशी धरली. भरती वर चढली तेव्हा पाण्यात काचेचे धागे हलल्यासारखं झालं आणि जाळी उचलली तर तळाशी दोन मुठी मासे होते.

हौद्याची मागची फळी पाडून तिथेच गॅसची शेगडी मांडली. इथले लोक हे मासे अंड्यात घालून, नुसतं मीठ टाकून पोळी करतात. तिने मिरची, आलं-लसूण आणि कोथिंबीर घातली, आणि पहिली पोळी त्या शेजारच्या माणसाला दिली. त्याने खाल्ली, डोळे पुसले आणि पुन्हा हात पुढे केला.

श्रीनाथ फळीवर बसून दुसरी खात होता. "उद्या किती वाजता यायचं?" त्याने विचारलं.

"भरती दुपारी आहे," विभावरी तव्यावरची पोळी उलटत म्हणाली. "सकाळी गाडी तू चालव. तुलाही सवय व्हायला हवी."