फळ्यावरच्या रेघा

"स्टॉप," साहेब म्हणाले आणि त्यांनी फळ्यावर एक रेघ मारली.

मी थांबले. काहीतरी चुकलं एवढं कळलं. काय चुकलं ते कळलं नाही.

"ॲक्च्युअली इज अ फिलर. अगेन."

मी पुन्हा सुरुवात केली. "सर, मशीन नंबर फोर, म्हंजे, सेन्सर इज, आय मीन..."

आणखी दोन रेघा.

सकाळची साडेआठची मीटिंग. चौदा जण बसलेले, मी एकटी उभी. आमची कंपनी कामथडीच्या पुढं, हायवेला लागून. गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनतात. परदेशातले लोक कंपनी बघायला येणार होते, म्हणून प्लांटच्या साहेबांनी नियम काढला होता. मीटिंगमध्ये इंग्रजीच बोलायचं आणि बिनचूक बोलायचं. मध्येमध्ये भरीचे शब्द नकोत. एका शब्दाला एक रेघ.

मी क्वालिटीला होते. सहा महिने झाले होते लागून. जिल्हा परिषदेची शाळा, मग डिप्लोमा. इंग्रजी वाचता यायचं, लिहिता यायचं. बोलायला उभी राहिले की पुढचा शब्द सापडेपर्यंत मधली जागा भरावी लागायची. ती मी ॲक्च्युअलीनं भरायचे.

"सेन्सर इज, ऑर सेन्सर वॉज?" साहेबांनी विचारलं.

"समटाईम इज, सर. समटाईम वॉज."

सगळे हसले. मीपण हसले. काय करणार? उभं राहून न हसणं जास्त अवघड होतं.

शेवटी साहेबांनी रेघा मोजल्या. सतरा. "धिस इज व्हाय पीपल डोन्ट टेक यू सीरियसली," ते म्हणाले. "सिट. टुमारो, नो फिलर्स."

मला सांगायचं होतं ते एवढंच. पत्रा दाबून कापणाऱ्या चार नंबरच्या प्रेसला एक सेन्सर आहे. माणसाचा हात आत गेला, की त्यानं प्रेस जागीच थांबवायची. मी तपासणी करताना लाकडी पट्टी आत घातली. प्रेस थांबली नाही. पट्टीचे दोन तुकडे झाले. पुन्हा घातली, तेव्हा थांबली. म्हणजे तो कधी चालतो, कधी चालत नाही. मराठीत हे सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. पण मशीनची तक्रार मीटिंगमध्येच मांडायची असा नियम. आणि मीटिंग इंग्रजीत.

चार नंबरवर सुमनताई असायच्या. गुंजवण्याच्या. चाळिशीच्या, कंत्राटावर लागलेल्या. गावातून जीपनं मार्गासनीला यायच्या आणि तिथून आम्ही दोघी कंपनीच्या बसनं जायचो. एकाच सीटवर. खिडकी कायम मला द्यायच्या.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी वाक्य पाठ करत होते. द सेन्सर ऑन मशीन फोर इज नॉट रिलायबल. ओठ हलत होते. घरी आबांनीपण सकाळी विचारलं होतं, "काय पुटपुटती गं?"

सुमनताईंनी डबा मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "काय पाठ करतीस?"

"इंग्रजी."

"चांगलंय. शिकून घे. आमचं काय, आमी हितंच ऱ्हाणार."

मी हसले आणि पुन्हा पाठ करायला लागले. नसरापूर येईपर्यंत.

त्या दिवशी नऊ रेघा पडल्या. मग मी युक्ती शिकले. शब्द सापडला नाही की तोंड बंद ठेवायचं. नखं तळहातात रुतवायची, शब्द आला की बोलायचं. तिसऱ्या दिवशी उभी राहिले आणि एका दमात बोलले.

"सर, द सेन्सर ऑन मशीन फोर इज नॉट रिलायबल. इट नीड्स रिपेअर."

फळा कोरा राहिला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. "व्हेरी गुड," साहेब म्हणाले. "सी? सो मच बेटर. नेक्स्ट."

नेक्स्ट म्हणजे पुढचा माणूस उभा राहिला. सेन्सरचं कुणी लिहून घेतलं नाही. मी बसले. माझे कान गरम झाले होते. मला आनंद झाला होता. सेन्सरचं काय झालं, हे मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला त्याची आठवणच राहिली नाही.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर घडलं ते. मी माझ्या टेबलावर पार्ट मोजत होते. प्रेसचा आवाज नेहमीसारखाच आला. ओरडणं ऐकू आलं नाही. शेजारच्या मशीन एकेक करून बंद व्हायला लागल्या, तेव्हा मी वर बघितलं. सुमनताई उभ्या होत्या. उजवा हात डाव्या हातात धरलेला. चेहऱ्यावर काही नव्हतं. कुणीतरी टॉवेल गुंडाळला. आधी नसरापूरच्या दवाखान्यात नेलं, मग तिथून पुण्याला. दोन बोटं गेली.

मी रडले नाही. संध्याकाळी बसमध्ये खिडकीशी बसले. शेजारची सीट रिकामी होती, पण कुणी बसलं नाही तिथं. घरी भाकरी खाल्ली, भांडी घासली. आईनं काय झालं विचारलं, तर म्हणाले, काही नाही. दहा-बारा दिवस असेच गेले. पाण्याखाली बसल्यावर आवाज कसे लांबून येतात, तसं सगळं यायचं.

मग सुमनताई घरी आल्याचं कळलं आणि मी रविवारी गुंजवण्याला गेले. भातलावणीचे दिवस. घरात त्या एकट्याच. माणसं सगळी खाचरात. त्या पडवीत बसल्या होत्या, हातावर पांढरी पट्टी. डाव्या हातानं मला पाट सरकवला.

मी सांगितलं. सेन्सर, मीटिंग, रेघा, टाळ्या. सगळं.

मग त्या म्हणाल्या, "म्हंजे तुला आदीच ठावं व्हतं?"

"व्हय."

"रोज बसमधी माझ्याशेजारी बसत व्हतीस."

"व्हय."

"मंग मला का न्हाई सांगितलंस? मराठीतच सांगायचं व्हतंस की. म्या हात जपला असता."

त्यांचा आवाज चढला नव्हता. खरंच त्यांना कळत नव्हतं म्हणून विचारत होत्या. मला हे सुचलंच नव्हतं. तीन दिवस मी साहेबांना पटेल असं वाक्य बनवत बसले. ज्या बाईचा हात त्या मशीनमध्ये जात होता, तिला सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. सांगण्यासारखं माणूस म्हणजे साहेब, आणि बोलणं म्हणजे इंग्रजी, हे माझ्यात कधी शिरलं, मला माहीत नाही. रेघा फळ्यावर मारल्या होत्या. वाकले मी.

निघताना त्या म्हणाल्या, "चहा घेऊन जा." मी घेतला नाही.

मंगळवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पुण्याच्या हेड ऑफिसहून एक अधिकारी आले होते. टेबलावर इंग्रजीत टाईप केलेला कागद. साहेब त्यांना सांगत होते, "सो, लाईक, बेसिकली, इट वॉज, यू नो, अ काइंड ऑफ कम्युनिकेशन गॅप."

मी ऐकत राहिले. त्यांचं वाक्य असंच चालायचं कायम. मला आजवर ऐकू आलं नव्हतं. अधिकारी मान हलवत होते. त्यांना सगळं स्पष्ट कळत होतं.

मी कागद वाचला. संबंधित निरीक्षकाला, म्हणजे मला, बिघाड स्पष्ट शब्दांत मांडता आला नाही, असं त्यात होतं. खाली माझ्या सहीची जागा.

"मी सही करणार नाही," मी म्हणाले.

"इन इंग्लिश, प्लीज."

"नाही."

मग साहेब मराठीत आले. साहेब मराठीच होते. "अगं, तुझ्यावर काही येणार नाही. फक्त फॉर्मॅलिटी आहे. उगाच कशाला वाढवतेस?" किती सरळ, गोड मराठी. सहा महिन्यांत पहिल्यांदा ऐकली.

"मला कोरा कागद द्या."

दिला नाही. मी बाहेर आले, माझ्या तपासणीच्या वहीचं पान फाडलं आणि टेबलाशी उभी राहून मराठीत लिहिलं. पट्टी कोणत्या दिवशी तुटली. कुठल्या दिवशी किती रेघा पडल्या. तिसऱ्या दिवशी मी बिनचूक सांगितलं आणि टाळ्या वाजल्या. त्या खोलीत कोण कोण होतं, चौदाही नावं. शेवटी लिहिलं, टाळ्या वाजल्यावर मी गप्प बसले आणि सुमनताईंना सांगितलं नाही, ही माझी चूक. सही केली. फोटो काढला आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. फोटो सुमनताईंच्या नवऱ्याला पाठवला. तो त्यांनी कामगार कार्यालयात दिला.

दुसऱ्या दिवशी मला पॅकिंगला टाकलं. मीटिंगला बोलावणं बंद झालं. खोकी चिकटवते. मीटिंगमधले दोघं-तिघं आता माझ्याशी बोलत नाहीत. एकजण जिन्यात म्हणाला, "तू आमची नावं कशाला टाकली?" मी म्हणाले, "तुमी तिथं व्हता म्हणून."

आबा म्हणतात, नोकरी सांभाळ. सुमनताई माझ्याशी पहिल्यासारख्या बोलत नाहीत. बोलाव्यात असं मी म्हणत नाही.

सुनावणीचं पत्र आलंय. साक्षीदार म्हणून माझं नाव आहे. साहेब समोर असतील, त्यांचा वकील असेल. ते मला अडवतील, गोंधळवतील, माझी वाक्यं तोडतील. तोडू देत. मी पुन्हा पहिल्यापासून सांगीन. पुरं लिहून घेतल्याशिवाय खाली बसणार नाही.