मोठेबाबांची पक्की सीट

आमचे मोठेबाबा पिकअप चालवायला बसले की त्यांचं पोट माझ्याकडे, गुडघे गिअरकडे आणि मान तेवढी रस्त्याकडे असायची. नवख्या माणसाला वाटे, यांना शेजारच्याशी फार महत्त्वाचं काही बोलायचं आहे. बोलायचंही असेच, पण मूळ दोष सीटचा होता. ड्रायव्हरची सीट समोर बघायचं सोडून डावीकडे वळलेली होती, आणि ती तशी खुद्द मोठेबाबांनीच बसवली होती.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. गाव गोंदियाकडचं, पण उभा जन्म भिलाईत गेला, प्लांटमध्ये वेल्डिंग करण्यात. रिटायर झाले तेव्हा सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये मुलगा, सून, नातवंडं आणि दिवसभर चालणारा टीव्ही होता. "घरी बसला का माणूस संपते," म्हणत त्यांनी जुनी पिकअप घेतली आणि दुर्गहून रसमड्याच्या कारखान्यांना माल पोचवू लागले.

मी त्यांच्याकडेच राहून रसमड्याला एका ऑफिसात नोकरीला लागले आणि घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं, घरची गाडी असताना पोरीनं ऑटोत कशाला लोंबकळायचं? मला कुणी विचारलं नाही. माझ्या बाजूचं दार फक्त बाहेरून उघडायचं, काच चार बोटं खाली यायची आणि तिथंच अडून बसायची. मोठेबाबा साहेबाला बसवावं तसं मला आत बसवत, दार लावून घेत आणि वळसा घालून आपल्या जागी येत. त्यानंतर रसमडा येईपर्यंत मी त्यांची. माणूस सबंध अंगानं तुमच्याकडे वळून बोलत असेल तर खिडकीतून बाहेर तरी किती वेळ बघणार?

त्यांच्या बोलण्यात नट-बोल्टची निंदा हटकून यायची. "बोल्ट बेइमान जात हाय, पोरी. आज कसला, उद्या ढिल्ला. वेल्डिंग मंजे वेल्डिंग. एकदा धरलं का धरलं." माणसांचीही त्यांनी याच हिशेबानं वाटणी केली होती. व्याही बोल्ट, त्यांची बायको, म्हणजे आमची मोठी आई, वेल्डिंग. मी कोणात, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

सीटचं रामायण या हट्टातूनच घडलं. जुन्या सीटची पट्टी गंजून गेली होती, ब्रेक मारला की सीट पाळण्यासारखी झुलायची. गॅरेजवाला म्हणाला, बोल्ट टाकून देतो. झालं, मोठेबाबांचा अपमान झाला. ओळखीच्या माणसाकडून वेल्डिंग मशीन आणली, जाड लोखंडाचा चॅनल, म्हणजे पन्हाळीसारखी पट्टी, आणला आणि क्वार्टरसमोर काम मांडलं. जुने सोबती खुर्च्या टाकून बसले, मोठी आईनं सगळ्यांना चहा केला. आधी वेल्डिंगचे नुसते कच्चे टाके मारावेत, माणूस बसवून पाहावा आणि मगच पक्कं जोडावं, हे खरं तर त्यांनीच कितीकांना शिकवलेलं. पण वाहवा ऐकता ऐकता ते राहून गेलं. शिवाय प्लांटमध्ये आयुष्यभर जे जोडलं त्यावर बसायची पाळी कधी आली नव्हती. ते निखळू नये एवढंच बघायचं असायचं.

सीट निखळली नाहीच. दाराकडून माप घेऊन त्यांनी ती अगदी काटेकोर बसवली होती. फक्त ती गाडी कधीकाळी कुठंतरी ठोकलेली होती आणि दाराची बाजू आत दबलेली होती. त्यामुळे दाराशी सरळ असलेली सीट स्टिअरिंगशी तिरपी झाली. मोठेबाबा पहिल्यांदा आत चढले, बसले आणि मान वळवून त्यांनी स्टिअरिंग शोधलं. मग म्हणाले, "सीट बरोबर हाय. गाडी वाकडी हाय."

"नाचता येईना अंगण वाकडं," मोठी आई चहाचे कप उचलता उचलता म्हणाली.

पुढची वर्षं हे असंच चाललं. कुणी सीटचा विषय काढला की ते चॅनलवर थाप मारत. "हालते का? हालवून दाखव." हालत नव्हती हे खरंच होतं. हालत नव्हते तेही. स्टिअरिंग आणि सीट यांच्यामध्ये पोट आवळून आत शिरायचं, कंबर एकीकडे, पाय दुसरीकडे. उजवा पाय तिरपा ताणून ताणून बधिर व्हायला लागला. सिग्नलला थांबलो की ते मांडीवर मुठी मारून पायालाच दटावत, "ऊठ बे, कामचोर!" मला हसू यायचं. डॉक्टरला आलं नाही. त्यानं स्पष्ट सांगितलं, सीट सरळ करा, नाहीतर गाडी सोडा.

मोठेबाबांनी डॉक्टर सोडला.

एका संध्याकाळी परतताना आम्ही रेल्वे फाटकाशी थांबलो होतो. मालगाडी गेली, फाटक उघडलं, पुढच्या गाड्या निघाल्या, आमची जागची हलेना. "थांब जराशी," मोठेबाबा म्हणाले आणि मांडीवर मुठी मारू लागले. पाय काही उठेना. मागून हॉर्नचा गदारोळ. त्यांनी उतरायला बघितलं, तर पोट स्टिअरिंगला अडलं आणि पाय नसल्यासारखा पडून राहिला. माझं दार आतून उघडत नव्हतं. त्या चार बोटांच्या फटीतून पंजा तेवढा बाहेर काढून मी ओरडत होते आणि मोठेबाबा माझ्याकडे बघत होते. दुसरीकडे बघायची सोयच नव्हती त्यांना. तोंडावर घाम डबडबला होता. हा माणूस घाबरतो, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी मागच्या ट्रकवाल्यानं माझं दार उघडलं, गाडी ढकलून कडेला लावली आणि आम्ही दोघांनी धरून त्यांना बाहेर काढलं.

"घरी सांगू नको, पोरी," ते म्हणाले. मी घरी पोचताच सांगितलं.

राजूदादा, त्यांचा मुलगा, चिडला की हिंदीत शिरतो. "बस झालं, बाबा. अब या तो सीट कटेगी, या गाडी बिकेगी." आम्हा सगळ्यांना वाटलं, सुटलो एकदाचे, आता सीट कापतील. मोठेबाबांनी शांतपणे जेवण संपवलं, हात धुतले आणि म्हणाले, "विकून टाका."

गिऱ्हाईक दुर्गचा भाजीवाला मिळाला. बोलणं झालं, मोठेबाबांनी त्याच्या हातावर हात मारला. तो चावी घेऊन आत बसला आणि लगेच उतरला. "काका, ऐसे बैठ के तो मैं घर भी नहीं पहुँचूँगा." जाऊन एका गॅस कटरवाल्याला घेऊन आला. तो माणूस बराच वेळ झटला, पण चॅनल काही सुटेना. मोठेबाबा पायरीवरून बघत होते. आधी त्यांना आनंद झाला, तो लपला नाही. मग बघवेना.

"अरे, उधर से नहीं. हटो."

त्यांनी ठिणग्यांसाठी ओलं पोतं अंथरलं, कटर हातात घेतला आणि आपलंच काम शिवण उसवावी तसं उसवलं. सीट फिरवली. टाके मारले. भाजीवाल्याला बसवलं, उतरवलं, सीट केसभर सरकवली, पुन्हा बसवलं. "पैर सीधा जाता है? कमर को लगता है?" असं एकेक विचारून घेतलं, आणि मगच पक्कं केलं. आम्ही सगळे अंगणात उभे.

भाजीवाला भला माणूस होता. म्हणाला, "काका, एक चक्कर आप लगा लो."

मोठेबाबा चढले. पोट अडलं नाही. गाडी सेक्टरला वळसा घालून आली आणि ते टुणकन उतरले. पायाला मूठ मारावी लागली नाही.

"कशी वाटली?" मोठी आईनं विचारलं.

"चांगली हाय."

"मंग ठेवून घ्या ना!" ती पुढं झाली. "कावून देता? त्याले सांगा, नाही विकाची."

मीही मध्ये पडले. राजूदादानंसुद्धा मान डोलावली. भाजीवाल्याला भाषा कळली नसेल, पण अर्थ कळला, कारण त्यानं चावीसाठी पुढं केलेला हात मागं घेतला. मोठेबाबांनी तो हात धरून त्यात चावी ठेवली. "जबान देली हाय," आम्हाला म्हणाले, "आता मांगं कसं येऊ?"

त्यांना जाऊनही आता काही वर्षं झाली. ज्या माणसानं परक्याच्या कमरेची एवढी काळजी केली, त्याला आपली कंबर एक दिवस परक्याची समजता आली नाही, याचा मला अजून राग येतो. त्यांच्या फोटोसमोर उभी राहिले तरी येतो.

गाडी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑटो पकडायला निघाले. मोठेबाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून पायरीवर बसले होते.

"कुठं निघाले, मोठेबाबा?"

"कुठंच नाही," ते म्हणाले. "तू जाय, तुले उशीर होते."