केळ्यातली नाळ

लग्नाला सहा वर्षं होऊन गेली तरी आमच्या घरात पाळणा हलला नव्हता, आणि त्याचा जाब शिवाजी पेठेतली झाडून सगळी माणसं मलाच विचारायची. आमच्या ह्यांना कुणी काही विचारत नसे. हे सकाळी सायकल पुसायचे, ऑफिसला जायचे आणि संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर फुटबॉलच्या गप्पा मारत बसायचे. मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत होते. डॉक्टरीणबाईंनी मला तीनदा तपासलं, तुझ्यात काही दोष नाही म्हणून स्वच्छ सांगितलं, आणि आता नवऱ्याला तपासू या म्हणत एक छोटी बाटली हातात दिली. तिच्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर ह्यांचं नाव. ती बाटली चार महिने कपाटात पडून होती. कधी ह्यांना सर्दी, कधी ऑफिसात मार्चअखेर. जून उजाडला तरी ह्यांचा मार्च काही संपेना.

त्याच जूनमध्ये थोरली नणंद बाळंतपणाला आली आणि घरीच मोकळी झाली. सुईण न्हाणीमागे बाळामागून पडलेली वार पुरत होती. मी हळद-मीठ घेऊन गेले, तर सासूबाईंनी ते हातातून घेतलं आणि मला आत पिटाळलं. मूल नसलेली बाई वारेचा तुकडा पळवून खाते, मग तिला दिवस जातात आणि बाळाला बाधतं, असा सगळ्यांचा समज. दुधावर टपलेल्या मांजरीसारखं मला हाकललं, ह्याचा फार संताप आला.

आठव्या दिवशी बाळाची नाळ गळून पडली. त्या संध्याकाळी त्याच सासूबाई स्वयंपाकघरात माझ्यापुढं एक केळं घेऊन उभ्या राहिल्या. केळ्याला चीर दिली होती आणि आत काळपट, वाळलेलं काहीतरी खोचलं होतं. वार बाधते, नाळ बाधत नाही, असं म्हणे सुईणीनं सांगितलं होतं. पोटात गेलेलं कुठं जातं आणि कुठं जात नाही, हे मी रोज फळ्यावर आकृती काढून शिकवत होते.

"डोळं मिटून गिळ," सासूबाई म्हणाल्या. "कुणाला सांगू नगंस."

हे दारातच उभे होते. मला एकदम काय सुचलं कोण जाणे, मी सासूबाईंना म्हणाले,

"आत्या, खाते मी. पण उद्या ह्यांनी बाटली घेऊन तपासणीला जायचं."

सासूबाईंना बाटलीचा पत्ताच नव्हता. माझ्यावरच उपचार चाललेत, असं ह्यांनी आईला सांगून ठेवलं होतं. मी सगळं सांगितलं. सासूबाई लेकाकडं बघत राहिल्या. हे खाली बघून म्हणाले, "जातो की उद्या. त्यात काय हाय?"

मी गिळलं. चावलं नाही. वर तीन पेले पाणी प्यायले. किळस आली, पण सौदा आपण जिंकला म्हणून बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी कपाटात बाटली नव्हती. आठवड्यानं हे म्हणाले, रिपोर्ट चांगला आहे, कागद ऑफिसात राहिला. मी विश्वास ठेवला आणि डॉक्टरीणबाईंनाही तसंच सांगितलं. म्हणजे दोष माझ्यातच, असं धरून पुढचं दीड वर्ष इंजेक्शनं टोचून घेतली. आज लिहितानाही स्वतःच्या त्या भाबडेपणाची चीड येते.

मग धाकटी नणंद बाळंत झाली आणि सासूबाईंनी पुन्हा केळं आणलं. त्याच दुपारी, रविवार होता, शिलाई मशीनला तेल हवं म्हणून मी सायकलच्या सीटमागची पिशवी उघडली होती. आत ती बाटली होती. चिकटपट्टीवर ह्यांचं नाव अजून नीट वाचता येत होतं. आत सायकलचं तेल.

मी ती आणून केळ्याशेजारी ठेवली. सासूबाईंनी बूच काढून वास घेतला.

"हे तर त्याल हाय."

"हीच ती तपासणीची बाटली, आत्या."

त्यांनी बूच परत घट्ट लावलं. मग केळं पदरात बांधून उठल्या. मला काही म्हणाल्या नाहीत, लेकालाही नाही. नाळ मात्र पुन्हा कधी आणली नाही.

बाटली मी माझ्या ट्रंकेत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल पुसता पुसता ह्यांनी अंगणातून हाक मारली आणि माझी तेलाची बाटली कुठं ठेवलीस, असं विचारलं.