आवडे छे

आमच्या घरात लग्न, साखरपुडा, जावळ काहीही असलं की जेवणं आटोपल्यावर मला मधोमध बसवतात. "मामा, नानांची गोष्ट सांग." मी थोडे आढेवेढे घेतो. ते घ्यावेच लागतात, नाहीतर गोष्टीला किंमत राहत नाही. मग सांगतो.

नाना म्हणजे माझे वडील. खानदेशातून सुरतेला आले आणि एका कापडाच्या कारखान्यात लूमवर काम मागायला गेले. मुकादमाने विचारलं, "लूम चलावता आवडे छे?" गुजरातीत याचा अर्थ एवढाच की, चालवता येतं का? पण नानांनी ते आपल्या कानांनी ऐकलं. त्यांना वाटलं, आवडतं का म्हणून विचारतोय. खोटं बोलायची सवय नव्हती. म्हणाले, "आवडस तर नही साहेब, पन पोटनाकरता करसू." मुकादम इतका हसला की दुसऱ्या दिवसापासून त्याने त्यांना कामावर घेतलं.

ही गोष्ट मी दर वेळी थोडी वाढवतो. मुकादमाला कधी मिशा देतो, कधी काढून घेतो. सगळे हसतात. फक्त माझी धाकटी बहीण 'आवडे छे' हे शब्द यायच्या जरा आधी उठते आणि पाण्याचा जग भरायला आत जाते. जग काठोकाठ भरलेला असला तरी जाते. का जाते ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक आहे. आता लिहितो आहे तेही तिला विचारूनच. ती म्हणाली, "लिही. पण नावं घालू नको. माझं नको, त्यांचंही नको."

प्लेगच्या भीतीने सुरत रिकामी होऊन पुन्हा भरली, त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. आम्ही डिंडोलीत राहत होतो. नाना पॉवरलूमवर, आणि मी कापड मार्केटमध्ये एका साडीच्या दुकानात पार्सलवर पत्ते लिहायला. पत्ते गुजरातीत लिहायचे. डोक्यावर रेघ नसलेली ती अक्षरं मी अशी झोकात काढायचो की शेठ म्हणायचे, अक्षर जोवुं होय तो आनुं जुओ, अक्षर बघायचं तर याचं बघा. झालं. तेव्हापासून आमच्या अख्ख्या गल्लीत गुजरातीचा जाणकार मीच. कुणाचं लाइटबिल, कुणाची शाळेची चिठ्ठी, सगळं माझ्याकडे यायचं. खरं सांगायचं तर माझं गुजराती पत्त्याएवढंच होतं. गावांची नावं, पेढ्यांची नावं, 'संभाळीने उतारवुं'. त्यापलीकडचं मी ओठ हलवत, मान डोलवत, अंदाजाने वाचायचो. माझे अंदाज बहुतेक वेळा बरोबर यायचे. तिथेच तर घात झाला.

बहिणीचं गुजराती माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. शाळा मराठी, पण कॉलेज गुजरातीतून. मात्र ती मुलगी, आणि धाकटी, त्यामुळे तिच्याकडे लाइटबिल घेऊन कोणी येत नसे.

ती खो-खो खेळायची. गल्लीतल्या खाटा, पाण्याची पिंपं, वाळत घातलेली लुगडी यांच्यामधून ती अशी निसटायची की माय म्हणायची, "ही आंडेर शे का मासोळी!" पोरगी आहे की मासोळी. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला ती विद्यापीठाच्या संघात आली. तिला निळं जाकीट मिळालं, छातीवर विद्यापीठाचं चिन्ह. नाना ते जाकीट रोज गादीखाली घालून झोपायचे, इस्त्री राहावी म्हणून. आमच्या सात पिढ्यांत विद्यापीठाची एवढी एकच वस्तू घरात आली होती. एका रविवारी तर मीच ते चोरून घालून टपरीवर चहा प्यायला गेलो. जाकिटाच्या बाह्या कोपरापर्यंतच येत होत्या. एकाने विचारलं, "कितवं वर्ष?" मी म्हणालो, "शेवटचं." मी तोपर्यंत दहावीला दोनदा बसून दोनदा उठलो होतो.

मग एक दिवस बहीण म्हणाली, "मी उद्यापासून सरावाला जाणार नाही."

माय म्हणाली, "काय व्हयनं?"

"काही नाही."

तिने दोन दिवस काही नाहीच सांगितलं. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता मायला सांगितलं. संघाचे प्रशिक्षक तिच्याच कॉलेजचे, ते संघाच्या नव्या कपड्यांची मापं स्वतः घेत. सामानाच्या खोलीत, एकेकीला बोलावून, दार लावून. मापं एकदा घेऊन संपत नव्हती. आठवड्याला घ्यावी लागत होती.

आता नानांना सांगायचं. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्यामुळे नानांना कमी ऐकू यायचं. आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलत. भाजीत मीठ कमी आहे हे चार घरांना कळायचं. आणि ही गोष्ट तर हळू सांगायची होती. शेवटी मायने रेडिओ मोठा केला आणि त्यांच्या कानाला तोंड लावून सांगितलं. नानांना एकदा ऐकू आलं नाही. "काय?" मायला दुसऱ्यांदा सांगावं लागलं. बहीण भिंतीकडे तोंड करून बसली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कॉलेजात गेलो. नानांनी धुतलेला सदरा घातला होता. मी खिशाला दोन पेनं लावली होती. एक चालत नव्हतं. आचार्य, म्हणजे तिथले प्राचार्य, फार सभ्य माणूस. पाणी दिलं, पंखा वाढवला. बहिणीला म्हणाले, बेटा, तू बहार बेस. मग आमच्याकडे वळून गंभीर आवाजात म्हणाले, "वडील, आ आबरूनो सवाल छे. वात बहार जशे तो आबरू जशे."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोठ्याने सांगितलं, "अब्रूचा प्रश्न आहे म्हणताहेत. बाहेर गेलं तर अब्रू जाईल."

"खरं शे," नाना म्हणाले. त्यांचे डोळे भरले. परक्या माणसाने आपल्या पोरीच्या अब्रूची एवढी काळजी करावी, याने ते विरघळले. खरं तर मीही विरघळलो. आपल्याकडे अब्रू म्हटलं की पोरीचीच. दुसऱ्या कशाला अब्रू असते हे आम्हाला माहीतच नव्हतं.

त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे केला. मी तो हातात धरला, बोट फिरवलं, ओठ हलवले. आठ-दहा ओळी होत्या. मधे एका ठिकाणी 'आबरू' हा शब्द सापडला आणि मला हायसं वाटलं. पत्त्यात गावाचं नाव सापडलं की बाकीचं नाही वाचलं तरी चालतं. मी नानांना म्हणालो, "पोरीच्या अब्रूचं लिहिलंय. बाहेर जाऊ देणार नाही म्हणून."

बहिणीला आत बोलावलं. तिने कागद घेतला आणि वाचू लागली. मी तळहात कागदावर ठेवला आणि बोटाने खालची जागा दाखवली.

"मी वाचलंय. कर सही."

तिने माझ्याकडे पाहिलं. आणि केली.

सराव सुटला. बहीण नुसती वर्गाला जाऊन यायची. घरात कोणी त्याबद्दल बोललं नाही. निळं जाकीट गादीखालून ट्रंकेत गेलं.

चार-पाच महिन्यांनी संघातल्याच दुसऱ्या एका मुलीने तक्रार केली. ती गप्प बसणारी नव्हती. थेट वर्तमानपत्रात गेली. मग काय विचारता! आठ दिवस पहिल्या पानावर विद्यापीठच. रोज मथळ्यात तोच शब्द, आबरू. विद्यापीठाची आबरू धुळीला, आबरूवर डाग, आबरू कोण वाचवणार. कुलगुरूंपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांना दुःख झालं होतं, आणि सगळ्यांना ते आबरूचंच. मुलींचं कुणी विचारलंच नाही असं नाही. पाचव्या-सहाव्या ओळीत त्यांच्याबद्दल असायचं.

गल्लीत दोन पोरींचे कॉलेजचे फॉर्म भरून तयार होते, ते चुलीत गेले. बसमध्ये मुली ओळखपत्र ओढणीखाली धरू लागल्या. मार्केटमध्ये एक दलाल मला डोळा मारून म्हणाला, "तारी बेन पण त्यां ज भणे छे ने?" तुझी बहीणही तिथेच शिकते ना? मी म्हणालो, नाही. कामरेजला शिकते. कामरेजला त्या वेळी कॉलेज होतं की नाही, देव जाणे.

एका दुपारी ती दुसरी मुलगी आमच्या घरी आली. नाकीडोळी नीटस, पण डोळे तापलेले. हातात एक झेरॉक्स.

बहिणीला म्हणाली, "आवुं केम लख्युं तें?" असं का लिहिलंस तू? "तुझा हाच कागद ते सगळ्यांना दाखवताहेत. म्हणतात, आधीही एकीने असंच केलं होतं आणि मग कबूल केलं."

बहिणीने कागद घेतला. पहिल्यांदाच तो शेवटपर्यंत वाचला. मग नानांकडे वळून, एकेक ओळ मराठीत करून, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात वाचून दाखवला.

"माझा गैरसमज झाला होता. सरांनी माझ्याशी कधीही गैरवर्तन केलेलं नाही. माझ्या बोलण्याने संस्थेच्या आबरूला धक्का लागला, त्याबद्दल मी माफी मागते."

नाना म्हणाले, "संस्था म्हणजे कोन?"

"कॉलेज, नाना."

"मंग आपली पोरनी अब्रू? ती कोठे लिखेल शे?"

"नाही लिहिली, नाना. माझं कुठेच काही नाही."

कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

विद्यापीठाने चौकशी समिती नेमली. बहीण स्वतःहून जायला तयार झाली. म्हणाली, "माझा कागद तिच्या आड येतोय. मी जाऊन सांगते की मी तो वाचला नव्हता." मी तिच्याबरोबर गेलो. धुतलेला शर्ट, दोन पेनं. या खेपेला दोन्ही चालणारी.

मोठं टेबल, पलीकडे तिघं जण. मधल्या बाईंनी बहिणीला सगळं विचारलं. तिने सगळं सांगितलं. आवाज एकदाही हलला नाही. मग बाईंनी तो कागद पुढे केला.

"सही तुमची?"

"माझी. पण मी वाचलं नव्हतं. मला भावाने सांगितलं."

बाई माझ्याकडे वळल्या. रागाने नाही हो, अगदी सहज, विचारायचं म्हणून विचारलं, "भाई, तमने गुजराती वांचता आवडे छे?"

मी त्या क्षणाकडे अनेकदा जाऊन आलो आहे. दाराशी एक शिपाई उभा होता. टेबलावर फायलींचा ढीग होता आणि वरच्या फायलीवरचं अक्षर फार वाईट होतं. मी काढलं असतं तर सुबक काढलं असतं, असंसुद्धा मनात आलं. बहीण माझ्याकडे बघत होती. तिला फक्त एक 'नाही' हवं होतं. मला येत नाही, मी अंदाजाने सांगितलं, चूक माझी. तीन वाक्यं.

मी म्हणालो, "हा. आवडे छे. केम नहीं?"

"म्हणजे हा कागद तुम्ही वाचून, समजून सही करायला सांगितली?"

"हा."

बाईंनी लिहून घेतलं. मला ते अक्षर उलट्या बाजूनेही वाचता येत होतं. माझंच नाव होतं ते. नावं मला नेहमीच वाचता येतात.

परत येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली. उधना गेल्यावर म्हणाली, "भाऊ, तू नाही म्हणाला असतास ना, तर कोणी हसलं नसतं रे."

अहवालात आलं की पहिल्या मुलीची दोन म्हणणी एकमेकांशी जुळत नाहीत. दुसरीचा एकटीचा शब्द पुरेसा नाही. प्रशिक्षक आपणहून सोडून गेले. कुठे गेले ते कळलं नाही, पण कुठेतरी मैदान असणारच. ती दुसरी मुलगी शहर सोडून मामाकडे गेली. जाताना भेटायला आली नाही. का यावं तिने? बहिणीने शेवटचं वर्ष केलं नाही. घरी बसून साड्यांना लेस लावू लागली, मग लग्न झालं.

विद्यापीठाची आबरू दोन-तीन वर्षांत परत आली. नवं फाटक झालं, मैदानाला नवं कुंपण झालं, जूनमध्ये पुन्हा रांगा लागल्या. आमच्या गल्लीतल्याही पोरी त्या रांगेत होत्या. चांगलंच झालं. त्यांनी का थांबावं? नाना शेवटपर्यंत अधूनमधून विचारत, "आपला कागद त्यास्नी फाडा का नही?" मी मोठ्याने म्हणायचो, "फाडला, नाना." तेही अंदाजानेच.

मागच्या महिन्यात भाचीचा, म्हणजे तिच्याच मुलीचा साखरपुडा झाला. जेवणं झाली. मला मधोमध बसवलं. "मामा, नानांची गोष्ट!" बहीण नेहमीसारखी जग घेऊन उठली.

मी आढेवेढे घेतले नाहीत. म्हणालो, "आज दुसरी सांगतो. माझी." ती दारात थांबली.

"मला गुजराती वाचता येत नव्हतं," मी म्हणालो.

सगळे हसले. त्यांना वाटलं, गोष्ट सुरू झाली.

मी पुढचं वाक्य जुळवत होतो. बहीण दारातूनच, जग दोन्ही हातांत धरून, म्हणाली, "बस, भाऊ. तुझी एवढीच. पुढची माझी आहे."

आणि आत गेली नाही. तिथेच उभी राहिली.