मारोतरावांची छपरी

मारोतरावांच्या घरून निघताना पाहुण्याला आपल्या चपला रस्त्याकडे तोंड करून ठेवलेल्या सापडत. पाहुणा आत चहा पीत असे, तेव्हा मारोतराव काहीतरी निमित्त काढून बाहेर जात, वाकून जोड फिरवत, नळावर हात धुवत आणि पुन्हा येऊन बसत. तेलंगणाच्या सीमेवरल्या इचोडा गावात या सवयीची चेष्टा होई. ‘मारोतरावाच्या घरी बसाची सोय नाही, जाची सोय हाय,’ असे लोक म्हणत. त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले होते. ‘येनारा आपल्या हौसेनं वाकते, बापा. जानाऱ्याले वाकावं लागू नये.’

हायवेला लागून त्यांचे हार्डवेअरचे दुकान होते. बिजागऱ्या, कड्या, खिळे, नळाच्या तोट्या. घर बांधणारा माणूस एक कडी घ्यायला येई आणि अख्ख्या दारावरचा सल्ला घेऊन जाई. दिवाणखान्यात, स्वयंपाकघरात मारोतरावांना रस नव्हता. त्यांचे लक्ष घराच्या तोंडाशी, छपरीत असे. ‘घर पाहाचं असन तं छपरीत पाहा. आतमंदी तं सारेच मांडून ठेवते,’ ते म्हणत. गिऱ्हाइकाला त्यांचा पहिला प्रश्न असे, ‘वली छत्री कुठं ठेवान?’ उत्तर आले नाही, तर ते कडी काढायच्या आधी कागद काढत.

त्यांची स्वतःची छपरी मात्र अंधारी आणि अरुंद होती. एका कोपऱ्यात फवारणीचा पंप, दुसऱ्यात खताची रिकामी पोती, मध्ये चपलांचा ढीग. घराच्या बाजूला त्यांच्या पत्नीचा, यमुनाबाईंचा, भाजीचा मळा होता. मेथी, वांगी, कोथिंबीर. पावसाळ्यात तिथली काळी माती पायाला अशी धरे, की त्या चपलेवर चप्पल घालून आल्यासारख्या दिसत. छपरीतून आत जायच्या दाराला सागाचा उंच उंबरठा होता, मारोतरावांच्या वडिलांनी उटनूरकडून आणलेल्या लाकडाचा. त्याच्यावरचे माप ओलांडून यमुनाबाई या घरात आल्या होत्या. रोज सकाळी त्या तो धुवत, त्याला हळदकुंकू लावत, दोन बोटे टेकवून कपाळाला नेत. त्यावर कोणी उभे राहिलेले त्यांना खपत नसे. मीटर पाहायला आलेल्या माणसालाही त्यांनी सुनावले होते, ‘दादा, आत तरी ये नाहीतं भाईर तरी राय. उंबरठा काय उभं राहाची जागा होय?’

माझे घर त्यांच्या समोरच. वर्तमानपत्राची नोकरी संपवून मी गावी परतलो, तेव्हा यमुनाबाईंचे विसरणे सुरू झाले होते. चपला पिठाच्या डब्यात सापडल्या. मळ्यातून परतताना त्या शेजारच्या घरात शिरल्या आणि तिथल्या सुनेला स्वयंपाकाला उशीर का झाला म्हणून बोलल्या. सुनेने निमूट ऐकून घेतले आणि हात धरून घरी आणून सोडले. नंतर लेकीचे, सुनंदाचे, नावही त्यांना आठवेनासे झाले. एका दुपारी उंबरठ्याला पाय अडकून त्या पडल्या आणि मनगट मोडले. आदिलाबादच्या डॉक्टरांनी हात बांधून दिला. उरलेली आठवण आता जातच राहणार, थांबणार नाही, हेही सांगितले. वस्तू एकाच जागी ठेवा, वाटेत अडथळा ठेवू नका.

मारोतरावांनी यातले शेवटचे वाक्य तेवढे उचलले. ‘बाकी जाऊ दे,’ ते मला म्हणाले. ‘मळ्यातून आली तं आपल्या दारातून आपल्या घरात एकटीनं शिरली पायजे. एवढं जमलं तं बस.’

त्यांनी छपरी रिकामी केली आणि खडूने जमिनीवर नवी छपरी काढली, खऱ्या मापाची. यमुनाबाईंना खुर्चीवर बसवून गुडघ्याची उंची घेतली, कारण बाकडे तेवढेच हवे होते. उभे करून खांद्याची उंची घेतली, कारण डोक्याचा रुमाल, पिशवी आणि छत्री यांच्या खुंट्या तिथे येणार होत्या. पायरीलगत पाय धुवायला नळ, खाली जाळी, बाजूला माती खरवडायला जुन्या वखराची लोखंडी पास उभी रोवलेली. फरशी शहाबादी, पण उलटी बसवलेली, खरबरीत बाजू वर. सुनंदाने पांढरकवड्याहून मोबाइलवर चपलांच्या कपाटाचे चित्र पाठवले, दारे असलेले, आरसा लावलेले.

‘दार नको,’ मारोतराव फोनवर म्हणाले. ‘झाकलं का ते तिच्यासाठी हरपलं.’

‘मंग आरसा तरी लावा, बाबा. दिसाले चांगलं दिसते.’

‘आरशात कोन उभी हाय म्हनून इचारन ते. काय सांगू?’

चांगले दिसण्याला मात्र मारोतरावांचा विरोध नव्हता. भिंतीला त्यांनी कोवळ्या मेथीचा रंग दिला, खुंट्या पितळेच्या घेतल्या, बाकड्याच्या कडा हाताने घासून गोल केल्या. ‘सोय हाय म्हनून काय दवाखान्यावानी दिसू द्याचं?’

काम राजन्ना मिस्त्रीकडे होते. तो तेलुगू माणूस, पण मारोतरावांशी मराठी बोलत असे. सगळे त्याने ऐकले, उंबरठ्यापाशी मात्र छिन्नी खाली ठेवली.

‘सेठ, हे नाही काढणार. आमच्याकडं गडपा म्हणतात. लक्ष्मी असते.’

‘लक्ष्मीच पडली न तिथं हात मोडून.’

‘बाईला विचारलं?’

‘तिले सकाळी काय खाल्लं ते नाही आठवत. तिले काय इचारतं?’

राजन्नाने उंबरठा काढला, पण फोडला नाही. धुऊन मागच्या भिंतीला उभा करून ठेवला. जागेवर फरशी बसली. छपरीतून आतल्या खोलीपर्यंत सपाट, एकसंध.

काम चालू होते तेवढे दिवस यमुनाबाई आमच्याकडे राहिल्या. काम संपले त्या सकाळी मारोतरावांनी त्यांना थेट घरी नेले नाही. आधी मळ्यात नेले, थोडी मेथी खुडू दिली आणि मग मातीच्या पायांनी छपरीकडे वळवले. ते स्वतः मागे थांबले. रस्त्यावर आम्ही पाच-सहा जण उभे होतो.

यमुनाबाईंनी वखराच्या पाशीवर चप्पल घासली. नळ सोडला, पाय धुतले. बाकड्यावर बसल्या, चपला खालच्या खणात सारल्या. उठून रुमाल खुंटीला लावला, पिशवी दुसऱ्या खुंटीला. कोणी काही सांगितले नव्हते. राजन्ना मारोतरावांकडे पाहून हसला. मारोतराव हसले नाहीत, ते यमुनाबाईंच्या पायांकडे पाहत होते.

दाराशी येऊन त्या थांबल्या. सवयीने वाकल्या, दोन बोटे पुढे केली. बोटे सपाट फरशीवर टेकली. त्यांनी थोडे इकडे, थोडे तिकडे चाचपले. मग सरळ झाल्या.

‘हे कोनाचं घर व्हय?’

‘आपलं हाय,’ मारोतराव पुढे होत म्हणाले. ‘चाल आत, सुनंदाची माय.’

‘आपल्या घराले उंबरठा हाय. तुमी दुसऱ्याच्या घरात काऊन घालून राह्यले मले?’

‘अवं, तू पडशीन म्हनून काढला.’

‘उंबरठा कोनी काढते का?’ त्या मागे सरकल्या आणि बाकड्यावर बसल्या. पदर सारखा केला. ‘घरवाली येऊ द्या. तिनं म्हनलं तं येतो आत.’

त्या दिवशी त्यांना उचलून आत न्यावे लागले.

दुसऱ्याच दिवशी राजन्नाने उंबरठा पुन्हा बसवला. फरशी कापली, तोच सागाचा तुकडा त्याच जागी घातला. मारोतरावांनी स्वतः हळदकुंकू लावले. आयुष्यात पहिल्यांदाच लावत असावेत. हळद ओघळली. यमुनाबाईंना आणले. त्यांनी उंबरठ्यावरून हात फिरवला, लाकडाच्या गाठीपाशी बोट थांबवले.

‘चांगला हाय,’ त्या म्हणाल्या. ‘आमच्या घरीबी असाच होता.’

आणि बाकड्यावर जाऊन बसल्या.

त्यानंतर त्या घरात त्या पाहुण्या म्हणून राहिल्या. दिवसभर छपरीत, बाकड्यावर. मारोतराव समजूत घालायचे, मग त्यांनी ते सोडले. कपबशीत चहा आणून द्यायचे. ‘घ्या बाई. घरवाली येतच असन.’ यमुनाबाई संकोचाने चहा घ्यायच्या. संध्याकाळ झाली की उठायच्या. ‘येतो मी, दादा. घरी कोनी नाही. उंबरठ्यावर दिवा लावाचा हाय.’ मग मारोतराव त्यांना हात धरून घराला वळसा घालून मागच्या दाराने आत न्यायचे. तो वळसाच त्यांना घरी जाण्याचा रस्ता वाटे. पुढे तेही वाटेनासे झाले.

छपरी मात्र लोकांना आवडली. घरे बांधणारे येऊन पाहून जात, मोबाइलवर फोटो काढत. फोटोत बाकड्यावरची बाई येऊ नये म्हणून बाजूला सरायला सांगत. ती पाहुणीच असल्यामुळे लगेच सरे. कितीतरी घरांत आज तसे बाकडे आहे, तशी उलटी फरशी आहे. माप विचारले की मारोतराव सांगत. कुणाच्या गुडघ्याचे, ते सांगत नसत. एक गोष्ट ते न विचारता सांगत, ‘उंबरठ्याले हात नका लावू.’ कारण कोणी विचारले, तर ते आत निघून जात.

त्याच काळात कधीतरी त्यांनी चपला फिरवणे सोडले. आलेल्याच्या चपला काढल्या तशाच राहत. यमुनाबाईंचा जोड तेवढा ते रोज पुसून खणात ठेवत, टाचा रस्त्याकडे, तोंड घराकडे.

उन्हाळ्यात यमुनाबाई गेल्या. आतल्या खोलीत, रात्रीच्या झोपेत. त्यांना बाहेर नेताना उंबरठा ओलांडला गेला. तो परत बसवल्यापासून त्यांनी तो एकदाही ओलांडला नव्हता.

तेरवी झाल्यावर सुनंदा मारोतरावांना पांढरकवड्याला न्यायला आली. दुकान आधीच बंद झाले होते. गाडी रस्त्यावर उभी होती, सामान चढले होते. मी छपरीत होतो, राजन्नाही आला होता. मारोतरावांनी दाराला कुलूप घातले, ओढून पाहिले. पितळेच्या खुंटीवरचा रुमाल तसाच होता, तो त्यांनी काढला नाही.

सुनंदा म्हणाली, ‘पुन्हा येऊ न बाबा, दिवाळीले.’

‘कोनाच्या घरी?’ ते म्हणाले.

मग ते चपला घालायला वळले. जोड दाराकडे तोंड करून होता, ते आदल्या दिवशी आत आले तेव्हा काढलेला. आम्ही तिथेच उभे होतो. फिरवायचे कोणालाच सुचले नाही. मारोतरावांनी एक हात बाकड्यावर टेकला आणि ते वाकले.